ऑर्फाची टोपी

बकहॉर्न या डोंगरी गावाच्या वाचनालयात दर ऑक्टोबरला जुने गायक जिवंत होतात. गावातलंच कुणीतरी त्यांच्यासारखे कपडे घालून त्यांच्या तोंडाने त्यांची हकिकत सांगतं, दोन-तीन गाणी म्हणतं आणि मग प्रश्न घेतं. नियम एकच. डोक्यावर टोपी आहे तोवर उत्तर मेलेल्या माणसाचं. टोपी काढली की स्वतःचं.

यंदा पाळी ऑर्फा स्टिल्टनरची होती. या डोंगरातून रेडिओवर गेलेली ती पहिली बाई. तिचं सोंग घेतलं होतं निवृत्त शिक्षिका ट्रूलाने. निळा झगा आणि टोपी दिली होती ऑर्फाच्या मुलीने, सत्तरीच्या वर्नाने. सोबत आईने मावशीला लिहिलेली अकरा पत्रंही. वर्नाची अट एवढीच होती की आईने अडीच वर्षांच्या तिला मावशीकडे सोडलं, रेडिओवाल्यांना आपलं लग्नच झालं नसल्याचं सांगितलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही, हे बोलायचं नाही. गावाला ठाऊक होतं ते इतकंच, की बिचारी दौऱ्यावर असताना तापाने गेली.

"अगं, तू सांगितल्यापासून पन्नास वर्षं पोटात ठेवलंय," ट्रूला म्हणाली होती, "आता काय ओकणार आहे?"

वर्ना पहिल्या रांगेत बसली. दुसरं गाणं संपलं आणि ट्रूलाने ऑटोहार्प, ते छोटं तारवाद्य, मांडीवर आडवं ठेवलं.

"एक पोर होती माझी. तिला बहिणीच्या ओट्यावर बसवलं आणि मागे वळून पाहिलं नाही."

रुमाल निघाले. शेजारणीने वर्नाचा हात धरला; तिने तो सोडवून घेतला. ट्रूला पत्रांतली वाक्यं जशीच्या तशी म्हणत गेली. टाळ्या ओसरल्यावर ग्रंथपालांनी प्रश्न मागितले. वाद्याच्या तारा कुठून आणायचीस, असं कुणीतरी विचारलं. मग वर्ना उठली.

"आई, मला न्यायला कधी येणार होतीस?"

ट्रूलाचा हात टोपीकडे गेला.

"टोपी राहू दे. मी आईला विचारतेय."

ट्रूलाने लोकांकडे पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"येणारच होते, बाळा. नाताळला. तिकीटही काढलं होतं."

वर्नाला अकराही पत्रं पाठ होती. त्यांत नाताळ नव्हता, तिकीट नव्हतं. शेवटच्या चारांत तर तिचं नावही नव्हतं. हे एक वाक्य ऐकायला जन्मभर तिचे कान आसुसले होते. ते आज कानावर पडलं, आणि ट्रूलाने ते उभ्या उभ्या बनवलं होतं.

"कुठल्या पत्रात आहे हे, ट्रूला?"

ट्रूलाने टोपी काढली. "लोक रडत होते गं," ती हळूच म्हणाली. "त्यांना तसंच कसं घरी पाठवू?"

ट्रूला कपडे बदलेपर्यंत वर्ना ग्रंथपालांच्या खोलीबाहेर उभी राहिली. दाराच्या फटीतून आधी पत्रं आली, मग झगा. घडी न घालता वर्नाने तो हातावर टाकला. तो अजून उबदार होता, आणि त्याला ट्रूलाच्या पावडरचा वास लागला होता.

टोपी तिने मागितली नाही.