दार ओढून घे

"वारा फिरला, गस!" उंच फळीवर कॅमेरा लावून बसलेला मॉरी वरून ओरडला. "आग लावायची असेल तर आत्ता लाव. नाहीतर चल, घरी जाऊन झोपू."

गस लिंडहोमने बोट ओलं करून हवेत धरलं. वारा डोंगराकडून येत होता. म्हणजे धूर कॅमेऱ्यांच्या तोंडावर येणार नव्हता. साठी उलटलेल्या त्या माणसाच्या छातीत, पहिल्यांदा जत्रेला निघालेल्या पोरासारखी धडधड सुरू झाली.

समोर गल्ली उभी होती. दुकानं, दारूचा गुत्ता, टोकाला चर्च, त्याच्या अलीकडे एक छोटं पांढरं घर. सगळं लाकडाचं, आणि दर्शनी भिंतींच्या मागे नुसते टेकू. मूकपटांच्या काळात गसने आपल्या पहिल्या चित्रपटासाठी ती बांधून घेतली होती. त्यानंतर रंग बदलून ती कधी टेक्सास झाली, कधी आयर्लंड, एकदा तर पांढरं मीठ पसरून रशियासुद्धा. आता स्टुडिओला तिथे टेलिव्हिजनसाठी शेड उभ्या करायच्या होत्या. ऑफिसातल्या व्हिटलॉकने हे सांगितलं, आणि त्याच दमात, या चित्रपटानंतर गसचा करार वाढवणार नसल्याचंही सांगून टाकलं. गस म्हणाला, "पाडायचीच आहे ना गल्ली? मग मला जाळू द्या. पडद्यावर तरी नीट मरेल."

म्हणून आज ही धांदल. गल्ली एकदाच जळणार होती. पुन्हा घेऊ म्हणायची सोय नव्हती.

"कॅमेरे!" गस गरजला. "आग!"

गुत्त्याचं छप्पर भस्सकन पेटलं. गर्दीतली माणसं किंचाळत, पोरं काखोटीला मारून, कोंबड्यांची खुराडी ओढत गल्लीबाहेर पळत सुटली. झकास पळत होती. ज्वाळा इतक्या खऱ्या होत्या की कुणाला अभिनय करावाच लागत नव्हता. गस जागच्या जागी नाचत होता. "शाब्बास! वळून बघा! अरे गाढवा, हसतोस काय, तुझं घर जळतंय!"

आता नायिकेने, मिस डेलने, उलट दिशेने आत जायचं होतं. सगळं गाव पळत असताना एकटी बाई आपल्या घराकडे परत जाते, त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. गसने वळून पाहिलं. मिस डेल खुर्चीचा हात घट्ट धरून उभी होती.

"मी नाही जाणार," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मिस्टर लिंडहोम, प्लीज. मला नाही जमणार."

तिचं काही चुकत नव्हतं. आग खरी होती, पोरगी विशीतली होती. गसने तिच्या खांद्यावर हात ठेवला, "बस तू," म्हणाला आणि बाहेर येणाऱ्या लोंढ्याकडे धावला. कॅमेरे फिरत होते, रीळ संपत चाललं होतं. लोंढ्यात त्याला तपकिरी शाल दिसली.

"इलोना!"

बाई थांबली. इलोना वेरेश. याच गल्लीतल्या पहिल्या चित्रपटाची नायिका. तेव्हा तिचा चेहरा देशभरच्या थिएटरांवर झळकायचा. पुढे बोलपट आले. तिच्या बोलण्यातलं हंगेरियन वळण ऐकून लोक करुण प्रसंगांत हसायला लागले आणि दोन चित्रपटांत सगळं आटोपलं. हल्ली ती चित्रपटांतल्या गर्दीत उभी राहायची. लांबून दिसली की दोघं एकमेकांना मान हलवत, बस.

"परत जा," गस धापा टाकत म्हणाला.

"कुठे?"

"आत. ते पांढरं घर तुझं आहे. तिथे तू पोरं वाढवलीस."

तिने ज्वाळांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुला वेड लागलंय, गस."

"ते तर फार जुनं आहे. जातेस का?"

इलोनाने शालीची गाठ घट्ट केली. "तू बोलत राहशील? पूर्वीसारखा?"

पूर्वी आवाज टिपला जात नसे, त्यामुळे कॅमेरा चालू असतानाही दिग्दर्शक खुशाल बोलत राहायचा. इलोनाला तेव्हा इंग्रजी धड कळतही नव्हतं. ती गसच्या नुसत्या सुरावर रडायची, हसायची, वळायची. बोलपट आले आणि गसलाही कॅमेऱ्यामागे तोंड मिटून बसावं लागलं.

"आवाज बंद कर!" गस ध्वनियंत्रावरच्या माणसावर खेकसला.

"पण बॉस, आगीचा आवाज..."

"बंद कर म्हटलं ना!" त्याने कर्णा तोंडाला लावला. "चल, इलोना. पळू नकोस. बाजारातून घरी येतेस तशी चाल."

ती चालू लागली. दोन्ही बाजूंचे व्हरांडे पेटले होते, ठिणग्या तिच्या पायाशी पडत होत्या, आणि ती बाई पिशवी हातात असल्यासारखी चालत होती. मॉरीने वरून शीळ घातली.

"उजवीकडे न्हाव्याचं दुकान. त्याला ओळखतेस तू. बघ. हां. आता घर. पायऱ्या चढ, दार उघड. पोरांना हाक मारावीशी वाटते, पण मारू नकोस, ती केव्हाच गेली."

तिचा चेहरा असा काही बदलला की गसच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात गुत्त्याचा सज्जा कडाडकन खाली आला आणि धुराने गल्ली गिळली.

"थांबवा!" मागे उभ्या असलेल्या व्हिटलॉकने गसची बाही धरली. "मिस्टर लिंडहोम, ती बाई मरेल! कट म्हणा!"

गसने बाही सोडवून घेतली. त्याचा आवाज तसाच संथ होता. "इलोना, मी इथेच आहे. माझ्या आवाजाकडे ये. डावा हात लांब कर, कठडा आहे. सापडला? आता बाहेर निघायचं. पण दार उघडं टाकून कुणी जातं का? दार ओढून घे."

धूर विरला. ती पायरीवर उभी होती. मागे छप्पर जळत होतं आणि तिने दार ओढून घेतलं, कडी घातली, आत झोपलेलं कुणी जागं होऊ नये इतक्या हलक्या हाताने. मग तळवा क्षणभर दारावर ठेवला.

"कट!" गसने कर्णा फेकला आणि ओलं घोंगडं घेऊन आगीत धाव घेतली.

बाहेर आणली तेव्हा तिची एक भुवई आणि कानावरचे केस जळाले होते. खोकत खोकत ती म्हणाली, "कडी लागली का रे नीट? अडकत होती."

गस हसता हसता मटकन जमिनीवर बसला. मॉरी फळीवरून उतरला, त्याने टोपी हवेत उडवली आणि सगळी गर्दी टाळ्या वाजवू लागली. मिस डेल रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी ते रीळ ऑफिसातल्या लोकांनी पाहिलं. दिवे लागले.

"अप्रतिम आहे," व्हिटलॉक म्हणाला. "पण लोक मिस डेलला बघायला येतात. या म्हातारीचं काय करायचं?"

"आई!" गस खुर्चीतून उडालाच. "ती मिस डेलची आई! पोरीला पुढे धाडते आणि स्वतः मागे फिरते. दोन वाक्यं बदला, कथा आणखी चांगली होते!"

व्हिटलॉकने रीळ पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं, डोळे पुसले आणि मान हलवली. शॉट राहिला. नामावली आधीच तयार होती, त्यामुळे इलोनाचं नाव तेवढं आलं नाही. गसचा करार संपायचा तो संपलाच.

स्टुडिओतली आपली खोली रिकामी करून गस गाडी घेऊन शेवटचं बाहेर पडला, तेव्हा फाटकापाशी गर्दीच्या कामासाठी रांग लागली होती. रांगेत डोक्याला रुमाल बांधलेली इलोना होती. एक भुवई पेन्सिलीने काढलेली.

"वयस्कर बायका इकडे!" फाटकावरचा माणूस ओरडला.

इलोना पुढे झाली. गस गाडीतून उतरला, त्याने टोपी काढली आणि उन्हात उभा राहिला. तिने पाहिलं. हनुवटी किंचित उचलली आणि आत गेली.

"साहेब," पहारेकरी आदबीने म्हणाला, "गाडी जरा पुढे घेता का?"

"घेतो," गस म्हणाला. पण टोपी छातीशी धरून तो अजून थोडा वेळ तसाच उभा राहिला.