तारामतीबाईंच्या वावराची चव

या, बसा. वरची धूळ मात्र झटकू नका, तीच आता माझं पांघरूण. मी मातीतला खार मोजणारी पेटी बोलतेय. मातीचं पाणी चाखायचं अन् काट्यानं आकडा सांगायचा, एवढाच माझा जन्माचा धंदा.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला, तेव्हा मी इथं आले. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. प्रयोगशाळेला जागा मिळेना, म्हणून मडिवाळप्पांच्या धान्याच्या गोदामात आमचा संसार थाटला. आप्पा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजत अन् सल्लाही देत.

शहरालगतच्या तारामतीबाईंनी एकदा माती आणली. विहिरीचं मचूळ पाणी पाजून वावरावर खाराची पांढरी फुली आली होती. मी आकडा दाखवला, पाच. तपासनीस शेषेराव म्हणाले, "थांबा, पीक सांगतो." पण बाई तोवर ओट्यावर पोचल्या होत्या.

आप्पांना नांदेडच्या शेतकरी मेळाव्यात ऐकलेलं पाठ होतं, चारच्या वर गेलं की जमीन गेली. "अक्का, वावर मेलं. प्लॉटवाल्याला देऊन टाका, मी बोलतो." आणि बोललेही. दुसऱ्या दिवशी इसार ठरला.

सकाळी बाई पुन्हा आल्या. "साहेब, उरलेली माती द्या. तुळशीत घालीन. आमच्या वावराची एवढीच राहणार."

शेषेरावांच्या हातातली काचकांडी तशीच राहिली. "वावर मेलं म्हणून कोण म्हणालं?"

आप्पा दारातच होते. "तुमचीच पेटी की ओ!"

"आप्पा, तो चारचा आकडा नांदेडच्या रीतीचा. तिथं मातीत अडीचपट पाणी घालून ढवळतात. आम्ही माती लापशीसारखी चकाकेल इतपतच भिजवतो अन् तिचं पाणी ओढून घेतो. कमी पाण्यात खार दाट लागणारच. आमच्या रीतीत पाच म्हणजे हरभरा रुसेल, पण करडई येईल."

बाई हसल्या. "मंजी वरण तेच. पाणी वाढवलं तर अळणी, आटवलं तर खारट!"

आप्पांनी कपाळावर हात मारला. "मोंढ्यात धान्य मापता मापता केस पिकले माझे, अन् शिगेची पायली सपाट पायलीच्या हिशेबात धरली!" तसेच चपला घालून ते बाईंबरोबर शेताकडं निघाले.

बांधावर प्लॉटवाला चुन्याची पिशवी घेऊन उभाच होता म्हणे. "आप्पा, जबान फिरवून राहिले का?"

"जबान न्हाई बाबा, माप चुकलं. शिव्या मला दे, पण रेघ मारू नको."

त्यानं शिव्या दिल्या. आप्पांनी ऐकून घेतल्या, अन् सौदा मोडला.

एक कोपरा पांढराच राहिला, पण बाकी वावरात करडई पिवळीधमक फुलली. फुलाचं एक काटेरी बोंड बाईंनी माझ्या झाकणावर आणून ठेवलं होतं.

आता माझा काटा थरथरतो, म्हणून मी कपाटावर. खाली आकडे उजळवणारं नवं यंत्र बसलंय. हुशार आहे, पण पाणी किती घातलं ते त्यालाही विचारावंच लागतं. आकडा ऐकून कुणी घाबरून निघालात, तर ओट्यावर घडीभर टेका अन् तेवढं विचारा. तारामतीबाई अजून येतात. माती देण्याआधी तेच विचारतात, अन् मगच पिशवीची गाठ सोडतात.