पाचवी स्वच्छता

चार बोटं मिटून झाली आणि हरणाबाई अडली. अंगठा तसाच उभा राहिला. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा. पाचवं काही केल्या आठवेना.

"आठवेपर्यंत उभ्या राहा," अनंत सर म्हणाले. "चार दिवस घोकून घेतोय. शाळेतली पोरंसुद्धा बरी."

सतरंजीवरच्या पंधरा बायकांनी माना खाली घातल्या. चौऱ्याण्णव सालचा मार्च होता, आरोग्य केंद्रात दाईंचं प्रशिक्षण चाललं होतं. साताऱ्याहून आलेल्या अनंत सरांनी अजून तिशी गाठली नव्हती. हरणाबाई औंधजवळच्या वाडीत तीस वर्षं बाळंतपणं करत होती. दारात उभा असलेला शिपाई सिद्धू, आता दोन पोरांचा बाप, तोंड दाबून हसत होता. त्यालाही या जगात तिनंच आणलं होतं.

जेवणाची सुट्टी होईपर्यंत ती उभी होती. सुट्टी झाली तशी तिनं पिशवी उचलली आणि तडक बाहेर पडली. नर्स विनोदिनीबाईंनी तिला नळाजवळ गाठलं.

"कुठं निघालात?"

"घरला. आवं बाई, त्या सायबाचं मिसरूड फुटायच्या आधी म्या आडवी पोरं सोडवल्यात. आन् मला शाळंतल्या पोरागत उभं करतोय व्हय?"

"चुकलंच त्यांचं," विनोदिनीबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या हातची बाळं गेली, ती कशानं गेली हो?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पिशवी तिनं खाली ठेवली.

"जलमताना लय गेली न्हाईत. सातव्या-आठव्या दिवशी जात्यात. दातखीळ बसती, आंगावर पीत न्हाईत, धनुष्यागत वाकत्यात. सटवाईच न्हेती त्यास्नी."

"त्यांच्या नाळेला काय लावलं होतं?"

"गोवरीची राख. आमची आय बी त्येच लावायची."

विनोदिनीबाईंनी आवाज खाली आणला. "तो धनुर्वात असतो, मावशी. त्याचं बी शेणामातीत असतं. गोठ्याकडच्या राखेत पण येतं. ओल्या नाळेतनं ते आत जातं. म्हणून नाळेला काही म्हणजे काही लावायचं नाही. तीच पाचवी स्वच्छता."

हरणाबाई नळाच्या कट्ट्यावर बसली. गेलेली बाळं मोजत बोटांच्या पेरांवरनं तिचा अंगठा सरकत गेला आणि सातव्या पेरावर थांबला. ते सातवं तिच्याच लेकीचं, विजयमालाचं, पहिलं बाळ होतं; त्याच्या नाळेलाही राख तिनंच लावली होती. जावई सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानावर कोइमतूरला. तो विट्याला घरी पोचायच्या आत सगळं उरकलं होतं. सासूनं विजयमालाच्या पायगुणाला दोष दिला. वर्षभर तिला माहेरी ठेवलं, आणि अजूनही कुणाच्या बारशाला पाळण्यापाशी जाऊ देत नव्हती.

सुट्टी संपली तशी पिशवी तिथंच टाकून हरणाबाई वर्गात गेली.

"आली का आठवण?" सरांनी विचारलं.

"आली. नाळंला काय लावायचं न्हाई." ती बसली नाही. "पर सायेब, चार दिस तुमी आमाला पाढं म्हनायला लावलं. का लावायचं न्हाई, ह्ये एकदा तरी बोलला?"

"अहो, ते जंतू-बिंतू तुम्हाला काय समजणार?"

"पोरगं कशानं मेलं ह्ये आमाला समजनार न्हाई?"

सर पुस्तकात बघू लागले. ती बायकांकडे वळली. "खरं सांगा गं. सातव्या-आठव्या दिवशी तुमची किती गेली?"

मागच्या रांगेत एका म्हातारीनं तीन बोटं वर केली. तिच्या शेजारणीनं पदर तोंडाला लावला. विनोदिनीबाई दारातून आत आल्या आणि सतरंजीवर बायकांच्यात बसल्या. सरांनी पुस्तक मिटलं. त्या दुपारी पुन्हा कुणाला काही म्हणायला लावलं नाही.

संध्याकाळी हरणाबाईनं वाडीची गाडी सोडली आणि विट्याची धरली.

दार विहिणीनंच उघडलं. "अगंबाई, तुमी? न सांगता?" मागं वळून तिनं हाक दिली, "विजयमाला, तुझी आय आलीया. पानी आन."

"तिला पान्याला नगा धाडू, हितं येऊ द्या," हरणाबाई म्हणाली. चपला तिनं काढल्याच नव्हत्या. "आन् पानी मागनं द्या. त्या बाळाचं सांगायला आलीया, विहीणबाई. ऐकून झाल्यावर बघा, पानी द्यायचं का न्हाई ते."