पाण्यात उतरण्याआधी

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मोबाईलचा गजर वाजला. मासोळी दचकून उठून बसली आणि तशीच मागे पडली. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. आईने गालावर दोन चापट्या मारल्या तेव्हा कुठे ती पुटपुटली, “काय आहे? उठतेय ना!”

“झोप झाली नसेल,” बाबा दाढी करता करता म्हणाले. “रात्रभर कूस बदलत होती.”

मासोळी हे तिचं घरातलं नाव. वय बारा. या परक्या देशात आली तेव्हा चार वर्षांची होती. आता इथली भाषा आईबापांना शिकवते आणि त्यांचे उच्चार ऐकून कपाळाला हात लावते. बाबा बस चालवतात. आई एका मोठ्या इस्पितळात ईसीजी काढते. दिवसाला तीस-चाळीस माणसं खाटेवर येतात. ती छातीला तारा लावते, कागदावर उमटलेली रेघ डॉक्टरांकडे पाठवते, पुढच्याला हाक मारते. आठ वर्षं हेच चाललं होतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, आपल्या घरातल्या कुणाला त्या खाटेवर निजवावं असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. महिन्यापूर्वी शाळेत आगीच्या कवायतीची घंटा वाजली आणि मासोळी रांगेतच कोसळली, तेव्हाही नाही. शाळेतली परिचारिका म्हणाली, “उपाशीपोटी आली असेल.” आईला ते पटलं, कारण दुधाचा पेला खरंच तसाच राहिला होता.

त्या सकाळी मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने ती झटकली आणि टॉवेल, पोहण्याची टोपी, सुका मेवा पिशवीत भरला.

तलावाच्या बंदिस्त इमारतीत दमट उकाडा होता. पाण्यात टाकलेल्या औषधाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. पालक पायऱ्यांच्या बाकांवर दाटीवाटीने बसले होते, आणि प्रत्येक शर्यतीआधी एक भोंगा असा काही किंचाळायचा, की आवाज छतावर आपटून खाली यायचा. खाली प्रशिक्षक बाई मुलींच्या खांद्यावर थोपटत फिरत होत्या. गळ्यातली शिट्टी त्या जेवतानाही काढत नाहीत म्हणून बाबांनी त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं होतं.

“तुमची पहिली येणार,” शेजारचा एक बाप म्हणाला. आईने हसून मान हलवली.

इतक्यात आजीचा व्हिडिओ कॉल आला. आजी म्हणजे आईची आई. नातीने पोहायला सुरुवात केली तेव्हा ती दोन दिवस फोनवर आली नव्हती. तिचा थोरला मुलगा, मासोळीचा मामा, सोळाव्या वर्षी विहिरीत बुडून गेला होता. आई तेव्हा नऊ वर्षांची. तिला मावशीकडे धाडलं होतं. पोहताना पायात गोळा आला, एवढंच तिच्या कानावर आलेलं. म्हणून तर तिने लेकीला पोहण्यात तरबेज करायचं ठरवलं होतं.

“दिसतेय का गं आई? ती बघ, निळी टोपी. पुढच्या शर्यतीत आहे.”

“दिसतेय, दिसतेय. हातपाय किती बारीक झालेत पोरीचे!”

तेवढ्यात आधीच्या शर्यतीचा भोंगा वाजला. पडद्यावरचा आजीचा चेहरा एकदम उतरला.

“हे काय वाजलं?”

“शर्यत सुरू करायची खूण. का?”

“दर वेळी वाजतं? हिच्या वेळीही वाजणार?” आजीचा श्वास जोरात ऐकू येऊ लागला. “बाळ, तिला परत बोलाव. पाण्यात नको उतरू देऊस.”

“आई, काहीतरीच काय?”

“तो पोहत नव्हता गं. तुझा दादा. काठावर उभा होता, अंग पुसत. कारखान्याचा भोंगा झाला आणि ओंडक्यासारखा आत पडला. पोरांना वाटलं, उडी मारली. सगळे हसत होते.” आजीने आवाज खाली आणला. “शाळेच्या घंटेनेही दोनदा पडला होता. आम्ही मिरगी समजलो. बोललो नाही कुणाला. तुझं लग्न व्हायचं होतं, घराला डाग नको म्हणून...”

आईच्या पायाखालची वाळू सरकली. घंटा. गजर. भोंगा. आवाजाने कोसळणाऱ्या माणसांच्या रेघा तिने कामाच्या जागी तीन-चारदा पाहिल्या होत्या. ठोक्यानंतर काळीज पुन्हा तयार व्हायला जरा जास्त वेळ घेतं, आणि नेमकं तेव्हाच दचकलं तर लय सुटते. माणूस वरून ठणठणीत दिसतो.

खाली आठ मुली उडी मारायच्या ओट्यांवर चढत होत्या. चौथ्या ओट्यावर निळी टोपी.

“अगं, कुठे चाललीस?” बाबा म्हणाले. पण ती पायऱ्या उतरत सुटली होती. खाली दोरीपाशी पांढऱ्या टी-शर्टातल्या माणसाने हात आडवा केला. पालकांना पुढे मनाई. इस्पितळात ती इथली भाषा दिवसभर बोलायची. आता तिला दोनच शब्द सापडले.

“थांबवा. काळीज.”

तो सौजन्याने हसला. “सगळ्याच आयांना धडधडतं, बाई.”

ती दोरीखालून वाकून गेली. ओल्या फरशीवरून बूट घालून पळत जाणारी बाई पाहून सगळा तलाव वळून बघू लागला. शिट्टीबाई ओरडल्या. तयार, असं कुणीतरी म्हणालं. मासोळी वाकली होती, बोटं ओट्याच्या कडेला. आईने तिला दोन्ही हातांनी कमरेला धरून मागे ओढलं आणि दोघी फरशीवर पडल्या. आईने लेकीचे कान तळव्यांनी गच्च दाबले. भोंगा वाजला. सात मुली पाण्यात पडल्या.

मासोळीला काहीही झालं नाही. ती धडधाकट होती, आणि रडत होती.

“सोड! वेडी झालीस का तू? सोड मला!”

शिट्टीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बाकांवर कुणीतरी हसलं. चार लोकांत अशी शोभा झाल्यावर आईजवळ दाखवायला पुरावा काहीच नव्हता.

तिघं घरी परतले. दारात बाबा हळूच म्हणाले, “म्हाताऱ्या माणसाच्या एका बोलण्यावरून तू पोरीचं वर्ष घालवलंस.” मासोळीने खोलीचं दार आपटलं. त्या आवाजानेही आई जागच्या जागी गोठली आणि आतून रडणं ऐकू येईपर्यंत हलली नाही.

सोमवारी तिने लेकीला जवळजवळ फरफटत इस्पितळात नेलं. तारा स्वतःच लावल्या. मासोळी छताकडे बघत होती. आईशी बोलायचं नाही हे तिने ठरवलंच होतं. कागद सरकू लागला. पहिल्या तीन ठोक्यांतच आईला कळलं. तिने मोजपट्टी लावली, पुन्हा लावली. मग डॉक्टरांना बोलावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. रोज गोळी, कायमची. स्पर्धा बंद. पोहणं तूर्त बंदच. पुढचं पुढे पाहू. मग ते आईकडे वळले. “हे रक्तातून येतं. आता तुम्ही निजा.”

सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीने तारा लावल्या. मासोळी खोलीतच थांबली, खाटेवर चढायच्या छोट्या स्टुलावर. कागद बाहेर आला तेव्हा मैत्रिणीने तो फाडून खाटेच्या कडेवर ठेवला. मासोळीने दोन्ही कागद शेजारी धरले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

“आई, तुझीही रेघ तशीच आहे?”

“हो गं.”

मासोळीने स्टूल खाटेजवळ ओढलं आणि आईच्या मनगटावर हात ठेवला. तिची बोटं गार होती.

संध्याकाळी आईने आजीला फोन केला. उद्याच दवाखान्यात जा, फोनवर पाठवलेले हे कागद डॉक्टरांना दाखव, तुझाही ईसीजी काढायला सांग. आजी हो हो म्हणत राहिली. गोळीचं नाव तिने अक्षर-अक्षर करून लिहून घेतलं. मग तिने पेन खाली ठेवलं.

“ही गोळी तेव्हा मिळायची का गं?”

ती दादाच्या जन्माआधीपासून मिळत होती. स्वस्तही होती.

“नाही आई,” ती म्हणाली. “तेव्हा नव्हती.”