रडण्याएवढं पाणी

त्या आठवड्यात कुंभार पिंपळगावात प्रभावतीच्या नावानं दोन कागद आले. पहिला सर्जेराव मुकादमानं स्वतः आणला.

"घे, सही कर," तो दारातूनच म्हणाला. "'माझी गोष्ट झूट आहे, तसं कुठं काही घडलं न्हाई,' एवढंच लिहिलंय. मासिकवाल्यांना मीच पाठवतो."

ही प्रभावतीची पहिलीच गोष्ट. औरंगाबादच्या एका लहानशा मासिकात छापून आलेली. दोन वर्षांपूर्वी, बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर पाण्याची दोन टिपाडं, पत्र्याची मोठी पिंपं, असायची. एक गावाचं, दुसरं बौद्धवाड्याचं. दुसरं दुपारच्या आतच आटायचं. गोष्टीतली भागाबाई त्या रिकाम्या टिपाडात वाकून बघते आणि मटकन खाली बसून ढसाढसा रडते. तिथंच गोष्ट संपत होती.

"मुकादम, गोष्टीत तुमचं नाव कुठंय?"

"नाव न्हाई, पण त्यातल्या मुकादमाच्या मिशा माझ्याच हायेत!"

"मिशा तर निम्म्या गावाला हायेत. हात तुम्हीच वर केला."

चुलीपुढं बसलेली सासू, चांगुणाबाई, पदराआड हसली. सर्जेराव हसला नाही. "बाजाराच्या दिवसापर्यंत सही पाहिजे. न्हाईतर पाझर तलावाच्या कामाच्या मस्टरवर तुम्हा दोघींची नावं दिसणार न्हाईत. बराबर ध्यानात ठेव."

तो गेला. कागद फळीवर पडून राहिला. नवरा मंठ्याच्या अडतीवर हमाली करायचा, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. घर चालत होतं ते या दोघींच्या हातांवर. सही करायला काय जातं, असं प्रभावतीच्या मनात दोन दिवस घोळत होतं. गोष्ट छापून तीन महिने झाले होते. कुणी बरी म्हणालं नाही, कुणी वाईट म्हणालं नाही. आजवर एकच वाचक निघाला, आणि तोच झूट म्हणून सही मागत होता. अशा लिहिण्यासाठी सासूच्या ताटातली भाकर का घालवायची?

बाजाराच्या दिवशी सकाळी पोस्टमन कारभारी दारात आला. कार्ड देण्याआधी ते वाचून घ्यायची त्याची जुनी खोड.

"वैनी, केदारखेड्याच्या कुण्या चतुराबाईचं कार्ड हाय. वाईट वाटून घेऊ नका, बाईनं चुका काढल्यात."

"तुम्ही वाचलं?"

"उघडं कार्ड हाय. डोळे मिटून वाटू का मंग?"

बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'बाई, तुमची गोष्ट चारदा वाचली. आमच्याकडच्या कामावरही दोन टिपाडं होती. मी पहिल्या टिपाडावर पाणी पिणारी. वाचल्यापासून ते पाणी आठवतं. पण दोन गोष्टी पटल्या नाहीत. पहिल्या टिपाडाजवळच्या बायांना तुम्ही तोंडंच दिली नाहीत. आम्ही काय दगड होतो? आणि तुमची भागाबाई रडते. दिवसभर उन्हात खडी फोडणाऱ्या बाईच्या अंगात रडण्याएवढं पाणी उरतं का? तिनं दुसरंच काहीतरी केलं असणार. ते लिहा. मी वाट बघते.'

"पुन्हा वाच," चांगुणाबाई म्हणाली.

प्रभावतीनं पुन्हा वाचलं.

"शहाणी दिसती बाई. तू त्या दिवशी कुठं रडली होतीस?"

"न्हाई आत्याबाई."

"मंग खरं का न्हाई लिहिलं?"

त्या दिवशी, दुसरं टिपाड आटल्यावर, प्रभावती सरळ पहिल्या टिपाडाकडं चालत गेली होती. स्वतःचा पेला त्यात बुडवून, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली होती. त्यापायी आठ दिवस तिला काम मिळालं नव्हतं. लिहिताना नेमका तिथं हात अडला, आणि तिनं भागाबाईला रडवून मोकळं केलं. रडणाऱ्या बाईवर कुणी चिडत नाही. केदारखेड्यातल्या न पाहिलेल्या बाईनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

तिनं फळीवरचा कागद काढला, उलटा केला आणि लिहायला बसली. लिहून झाल्यावर त्याची नक्कल केली, पाकिटात घातली आणि ते पोस्टाच्या पेटीत टाकूनच बाजारात गेली. चांगुणाबाई सोबत होती.

सर्जेराव चहाच्या हॉटेलापुढं बसला होता. प्रभावतीनं कागद त्याच्या हातात दिला.

"आली का अक्कल? सही कुठंय?"

"उलटून बघा. मागं, खाली. पुरं नाव घातलंय."

सर्जेराव वाचू लागला. भागाबाईनं पहिल्या टिपाडात पेला बुडवला, तिथं त्याचे ओठ थांबले. बाकावरच्या माणसांनी माना लांब केल्या.

"हे छापायला देशील?"

"दिलंसुद्धा. पाकीट पेटीत पडलं."

"मस्टरवर तुमची नावं राहणार न्हाईत!"

"न्हाई राहिली तर तेही लिहीन. आता वाचणारी हाय मला."

"आणि माझं नाव खोडताना जल्दी करू नको, सर्जेराव," चांगुणाबाई म्हणाली. "नीट खोड. गोष्टीत यायचंय."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. प्रभावती वळली ती थेट पोस्टात गेली. एक कोरं कार्ड घेतलं आणि तिथल्याच फळीवर टेकून लिहू लागली. 'चतुराबाई, शेवट बदलला. आता तुम्ही सांगा. पहिल्या टिपाडाजवळ उभं असताना तुम्हा बायांची तोंडं कशी व्हायची? मी त्या दिवशी मान वर करून पाहिलं नाही.'