ईदची पोती

आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता, कोरड्या कालव्यातून कुणी दोर ओढत न्यावा तसा.

वकीलबाई सफिनाझ यांचे पेन अर्जातल्या एका रिकाम्या रकान्यावर थांबले होते. आईच्या फुप्फुसाच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सापडले होते. आणि वडिलांच्या त्या पाइप कारखान्यात आईने कधी पाऊलही टाकले नव्हते. विष कोणत्या वाटेने आले हे लिहिल्याशिवाय दावा दाखल होणार नव्हता, आणि भरपाईवाचून उपचार पुढे चालणार नव्हते.

"शहाताकाका, कामाचे कपडे घरी यायचे?"

"तिथंच धुवायचे," वडील म्हणाले.

"घराचं छप्पर?"

"काँक्रीटचं."

"मग काय, स्वतः चालत आलं?"

आईला हसू आले, त्यामागून खोकला. "अहो, पोत्यांचं सांगा ना."

वडील खिडकीकडे पाहू लागले.

मला ती पोती आठवतात. कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू ओतून रिकामी झालेली, तागाची. ईदच्या आधी वडील ती आणत, गल्लीभर वाटत. बायका गच्चीवर ती झटकत, उसवत, जोडून बसायला चटया शिवत. पांढरी धूळ नवरीच्या ओढणीसारखी पापण्यांवर उतरे. "बघा गं, विदाद पुन्हा नवरी झाली!" समोरची बसीमा आईकडे बघून ओरडे, आणि आई मुद्दाम तिच्या अंगावर पोते झटके.

"कारखान्यानं दिली होती?" सफिनाझबाईंनी विचारले.

"पहारेकरी ओळखीचा होता." वडिलांचा आवाज खाली गेला. "न विचारता आणली."

"तरी दावा उभा राहतो. पोत्यांवर धोक्याचा एक शब्द नव्हता, ही चूक त्यांची. पण साक्ष तुम्हीच द्यायला हवी."

"गल्ली मला हाजी म्हणते, बाई. बसीमा गेल्या साली वारली, याच खोकल्यानं. तिची पोरं उद्या दारात येतील. काय सांगू? तुमच्या आईला मीच..."

"येऊ देत," आई म्हणाली. "आणि चोर कोण म्हणेल तुम्हाला? चोर निदान काय उचलतोय ते बघून उचलतो."

सफिनाझबाईंनी हसू दाबले. वडील हसले नाहीत.

आईने पेन उचलून त्यांच्यापुढे धरले. "मी जगायला हवी की नको? तेवढंच सांगा."

वडील पेन न घेताच उठले. खुर्ची सावकाश, आवाज न करता मागे सरकवली, आणि दार उघडून जिना उतरू लागले.