वरनं तिसरं

अपेक्षा गाडीचं दार उघडं धरून उभी होती आणि विठ्ठलराव अजून ओट्यावर टोपी झटकत होते. झटकली, घातली, काढली, पुन्हा झटकली.

"अण्णा, मत द्यायला चाललोय. सोयरीक जमवायला नाही."

"मग काय बोडका जाऊ? मतपेटीला काय मान हाय का न्हाई?"

"मतपेट्या कधीच गेल्या. मशीन असतं आता."

"मशीनला तर मशीनला."

सकाळी ती गावी, भऱ्यात पोचली तेव्हा तिचा बेत साधा होता. वडिलांचं मत उरकायचं, चहासुद्धा न घेता निघायचं आणि कोथरूडला जाऊन स्वतःचं द्यायचं. पण म्हाताऱ्याला आधी अंघोळ हवी, मग देवपूजा, मग भाकरी, मग डुलकी. शाळेतलं मशीन बंद पडल्याची खबर आली तेव्हा तर त्यांनी खुशाल वहाणा काढून पाय वर घेतले होते. आता उन्हं कलायला लागली होती आणि अपेक्षाचा जीव नुसता वरखाली होत होता.

काचबिंदूने अण्णांची नजर नेली होती. उजेड आणि सावली, एवढंच काय ते उरलं होतं. अशा मतदाराला सोबत माणूस नेता येतो. बटण त्या माणसाने दाबायचं. आजवर पक्षाचा विलास त्यांच्यासोबत जायचा. या दसऱ्याला त्याने रातोरात टोपी फिरवली आणि तो समोरच्या पक्षात गेला. म्हणजे अपेक्षाच्याच बाजूला.

"त्या भोपळ्याच्या बोटाचा काय भरवसा?" अण्णा फोनवर म्हणाले होते. "तूच ये."

"आणि माझ्या बोटाचा भरवसा आहे?"

"तू जल्मापासनं तिकडचीच. उडी मारून तर गेली न्हाईस."

गाडी सुरू झाली तशी अपेक्षाला राहवेना. बोलायचं नाही, असं तिने मनाशी शंभरदा ठरवलं होतं. दिवाळीत बोलली आणि ताटावरून उठून गेली, तेव्हापासून ती आज पहिल्यांदा या घरी आली होती.

"तुमचा तो उमेदवार पौडच्या बाजारात काय बोलला, ऐकलंत ना? त्या लोकांच्या दुकानातून काही घेऊ नका म्हणाला. हाफीजचाचा गल्ल्यावर बसून ऐकत होते, अण्णा."

"हाफीजचं नाव न्हाई घेतलं त्यानं."

"नाव घ्यायचं काय बाकी राहिलं?"

"अगं, भाषण हाय त्ये. भाषणात बोलत्यात. माझी चहा-साखर हाफीजकडनंच येती. कालबी आली." अण्णांनी काठी दोन पायांत घट्ट धरली. "तुझी आई तापानं फणफणली तवा बैलगाडीनं पौडाला न्यावं लागलं. त्यानं रस्ता आणला म्हणून आज तू मोटारीतनं येतीस. त्ये न्हाई दिसत तुला."

"रस्ता आणला म्हणून काहीही बोलायचं?"

"म्होरं बघून चालीव."

तिला राग आला होता, आणि रागाहून जास्त भीती वाटत होती. ते बटण तिला तिच्या बोटाने दाबायचं होतं. लहानपणी हाफीजचाचांनी मुठीत कोंबलेल्या लिमलेटच्या गोळ्या तिने किती खाल्ल्या होत्या. दाबलं तर त्यांना तोंड कसं दाखवायचं, आणि नाही दाबलं तर अण्णांना कसं दाखवायचं? रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

शाळेच्या अलीकडे, वडाखाली टेबल टाकून विलास बसला होता. तिला पाहताच लगबगीने आला. अण्णा काठीने चाचपत दोन पावलं पुढे गेले, तसा तिच्या कानाशी लागला.

"ताई, आता आपण एका ताटातले. म्हाताऱ्याला काय दिसतंय? आपलं पहिलं दाबा आन तिसरं दाबलं म्हणून सांगा. कुणाच्या बापाला कळत न्हाई."

"माझ्याच बापाबद्दल बोलतोयस तू," ती म्हणाली. त्याच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं, कारण रात्रभर ती स्वतःही तेच घोकत होती.

आत वर्गात अधिकाऱ्याने तिच्याकडून सही घेतली आणि कुणाला मत दिलं ते बाहेर सांगायचं नाही असं बजावलं. अण्णांच्या डाव्या बोटाला शाई लागली. मग अधिकाऱ्याने तिचा उजवा हात पुढे करायला सांगितलं.

"सोबत्याच्या उजव्या बोटाला लावतो आम्ही. तुमचं स्वतःचं मत वेगळं. दिलंत का?"

"कोथरूडला आहे. नाही दिलं अजून."

अण्णांची मान तिच्याकडे वळली. मग ते तिच्या खांद्यावर हात ठेवून पुठ्ठ्याच्या आडोशामागे आले.

"वरनं तिसरं," ते पुटपुटले.

"माहितीये."

पहिलं बटण बोटाच्या अगदी खाली होतं. एवढंसं तर अंतर. तिने वडिलांकडे पाहिलं. दुसरा कुणी मत देत असताना आपण बघू नये, म्हणून अण्णांनी तोंड फिरवून भिंतीकडे केलं होतं. ज्यांना तसंही काही दिसत नव्हतं, ते अण्णा.

तिने तिसरं दाबलं. मशीनची शिट्टी लांबलचक वाजली. तिला रडू आलं आणि स्वतःचाच संताप आला.

"झालं?"

"झालं."

बाहेर विलासने त्यांना गाठलंच. "काय अण्णा, तिसरंच दाबलं नव्हं पोरीनं? खातरी केली का?"

"तुला इतकी वर्सं नेलं. कधी इचारलं का? मग तिला कशापायी इचारू?" अण्णांनी त्याला काठीने बाजूला केलं आणि गाडीचा दरवाजा चाचपला. "तुझं ऱ्हायलंय म्हणालीस मघाशी."

"तुम्हाला घरी सोडते आणि बघते. आता काही मत द्यायला मिळत नाही वाटतं."

"घर उलटं पडतंय. सरळ पुन्याला काढ."

"तुम्ही कुठे येताय?"

"बसतो की गप. चल, चल, सहाला दार लावत्यात."

गप बसणं कसलं! पिरंगुटला उरवड्याकडून आलेले कारखान्यांचे ट्रक आडवे झाले होते. अण्णांनी काच खाली करून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भूगावात गाड्या मुंगीच्या चालीने सरकायला लागल्या, तसे ते सीटवरच चुळबुळायला लागले.

"हॉरन दे. पार पुनेरी झालीस! डावीकडनं काढ, जागा हाय."

"तुम्हाला दिसत नाही, अण्णा!"

"ऐकू येतंय की. डावीकडं कोण न्हाई." आणि तिने गाडी घातल्यावर, त्याच श्वासात, "तुमच्या उमेदवाराला धड चार वाक्यं बोलता येत न्हाईत. कुणाच्या भरवशावर मतं मागतोय त्यो?"

"मग कशाला घाई करताय? गेलं तर जाऊ दे. तुमचाच फायदा."

अण्णांनी काच वर घेतली. गाडी चांदणी चौकाच्या पुलाखालून गेली. मग म्हणाले, "असला फायदा नगं मला."

कोथरूडच्या शाळेपाशी गाडी लावायला तीळभर जागा नव्हती. आत रांग दिसत होती, आणि फाटकावरचा पोलीस घड्याळाकडे बघत होता.

"मला हितंच उतरीव," अण्णा म्हणाले. "तू लावून ये."

"तुम्ही एकटे काय करणार इथे?"

"उतरीव म्हणतो नव्हं!"

तिने उतरवलं. गल्लीबोळ पालथे घालून एका दवाखान्यासमोर कशीबशी गाडी घुसवली आणि ती पळत सुटली. ओढणी दोनदा पायात आली. सहा वाजलेच असणार, संपलं सगळं, असं तिला वाटत होतं.

फाटकाचं एक दार लागलं होतं. दुसऱ्या दारात, उंबऱ्यावरच अण्णा पाय रोवून उभे होते, काठी आडवी धरून. पोलीस त्यांची समजूत काढत होता.

"आजोबा, वाटेतून बाजूला व्हा ना. मला बंद करायचंय."

"वाजले का सहा?"

"वाजतायत की आता."

"मग वाजू दे. तवर पोरगी येती. गाडी लावतीया."

"अहो, कुठली पोरगी? मघापासून नुसतं पोरगी येते, पोरगी येते..."

"आले! आले!" अपेक्षा ओरडली.

"या ताई, लवकर या," पोलीस सुटकेने म्हणाला. "तुमच्या पार्टीचा माणूस लई चिवट आहे बरं का."

तिच्या धापांवरून अण्णांनी तिला ओळखलं. काठी बाजूला घेतली, चाचपत तिचा खांदा शोधला आणि तिला फाटकाच्या आत ढकललं.

"जा," ते म्हणाले. "पाड आमाला."